दोन बोटं कमी

बाईंनी ब्रश डब्याच्या काठावर निथळवला आणि मागच्या दाराजवळच्या लाकडी फळीला रंगाचा तिसरा हात द्यायला घेतला. वरून खाली, एका दमात, मध्ये कुठेही न थांबता. रंग सायीचा होता, पांढराही नाही आणि पिवळाही नाही. बाकीची सगळी बस एका हातात उजळून निघाली होती. खिडक्यांच्या चौकटी, छताच्या पट्ट्या, ड्रायव्हरच्या मागची जाळीसुद्धा. ही एक फळी मात्र हट्टाला पेटली होती. रंग वाळला की आतून जांभळ्या रेघा वर येत.

"हवा दमट आहे," बाहेरून पॉलिशवाले म्हणाले. ते बाकाचा पाय घासत बसले होते आणि मान वर न करता बोलत होते. "तळ्याकाठी असंच व्हायचं."

"दमट हवेला जांभळा रंग असतो का?"

त्यावर घासण्याचा आवाज तेवढा जरा वाढला.

बाजारात या नवराबायकोला नावाने कुणी ओळखत नसे. बाई लोकांच्या घरचे पडदे आणि गाद्यांची कव्हरं शिवायच्या, म्हणून त्या पडदेवाल्या बाई. ते जुन्या कपाटांना, टेबलांना झिलई द्यायचे, म्हणून ते पॉलिशवाले. जन्मभर दोघांनी दुसऱ्यांची घरं सजवली आणि स्वतःच्या खिडकीला मात्र जुनी चादर खिळ्यांवर टांगली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बस त्यांचीच होती. कधीकाळी रस्त्यावर धावलेली, मग भंगारात निघालेली. पॉलिशवाल्यांनी ती हौसेने घेतली, चाकं आणि इंजिन काढून तळ्याकाठी दगडी जोत्यावर बसवली. पोरीच्या सुटीसाठी. पोरीचं घरातलं नाव पिटू, कारण ती पिटुकली होती. उन्हाळा आला की तिघं इथे येत, मागच्या बाकांवर झोपत, पुढच्या बाकांवर जेवत. मग आठव्या वर्षी पिटूला ताप आला, आणि तिकडे शहरात, घरच्या खाटेवर, ती गेली. त्यानंतर बाईंनी बसमध्ये पाऊल टाकलं नाही. पॉलिशवाले मात्र दर उन्हाळ्यात एकटे येऊन जात. पत्रा गळतो, डागडुजी करायला हवी, म्हणत. बाईंनी कधी अडवलं नाही आणि कधी विचारलंही नाही.

यंदा बाईंनीच विषय काढला होता.

"एक तर ती बस वापरात येऊ दे, नाहीतर मोडीत जाऊ दे. सुटीवर येणाऱ्या लोकांना राहायला देऊ. मी सजवते."

पॉलिशवाले लगेच हो म्हणाले होते. त्यांचं लगेच हो म्हणणं म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे इतक्या वर्षांत बाईंना कळायला हवं होतं. पण त्या घाईत होत्या. बस दुसऱ्या कुणाची तरी झालेली त्यांना पाहायची होती. तिथे परकी मुलं लोळावीत, परक्या बायकांनी चहा करावा आणि पिटूचं तिथे काही म्हणजे काही उरू नये. हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या, पण पडदे बेतताना कात्री त्याच जोरावर चालली होती.

आणि सजवलंही त्यांनी जीव ओतून. खिडक्यांना बारीक फुलांचे, खाली झालर लावलेले आखूड पडदे. मागच्या बाकांवर कापूस भरलेल्या गाद्या आणि त्यांवर वर्षानुवर्षांच्या उरलेल्या कापडांची ठिगळांची गोधडी; कुणाच्या दिवाणखान्याचा निळा, कुणाच्या दवाखान्याचा हिरवा, कुणाच्या नव्या संसाराचा लाल. चिंध्यांची वेणी घालून शिवलेली गोल सतरंजी. क्रोशाचे रुमाल. भिंतीवर टवके उडालेल्या, पण फुलाफुलांच्या बश्या. सामान ठेवायच्या जाळीत पितळी दिवा आणि दोन पत्र्याचे जग. इतक्याशा जागेत सगळं कसं आपापल्या ठिकाणी बसलं होतं. पाहताक्षणी कुणालाही तिथे पाय पोटाशी घेऊन बसावंसं वाटलं असतं.

फक्त दूधवालीला नाही. ती किटली जोत्याच्या खालच्या पायरीवर ठेवी आणि तिथूनच हाक मारी.

"आत या की, पडदे तरी बघा," बाई तिला म्हणाल्या.

"इथूनच दिसतात. झ्याक आहेत." दूधवालीने एक पाऊल मागेच घेतलं. "बाई, तुम्ही नव्या, म्हणून सांगते. या बसची घंटी वाजते. आत माणूस नसतं आणि वाजते."

"वाऱ्याने हलत असेल दोरी."

"वारा एकदा वाजवील. ही बरोब्बर दोनदा वाजते, कंडक्टर वाजवतो तशी. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. हो ना? आता मला सांगा, चाकं नाहीत, इंजिन नाही, ही निघते कुठे?"

बाई हसल्या. दूधवाली गेल्यावर त्यांनी छताखालून मागपासून पुढपर्यंत गेलेल्या दोरीकडे पाहिलं. इतकं सगळं रंगवलं, पुसलं, पण दोरीला त्यांनी अजून हात लावला नव्हता.

ती दोरी म्हणजे पिटूचं दुखणं होतं. समोरच्या रोपवाटिकेवाल्याची मुलगी आणि पिटू एकाच वयाच्या. खेळ एकच. पॉलिशवाले ड्रायव्हर, ती मुलगी कंडक्टर आणि पिटू प्रवासी. ती मुलगी उडी मारून दोरी पकडायची, म्हणून पिटूने तिचं नाव ठेवलं शिडी. पिटूने उडी मारली की हात बरोबर दोन बोटं खाली राहायचा. मग ती रुसून बसायची आणि उतरताना सगळ्यांचा सूड घ्यायची. पायरीवर बसून चपलांची बक्कलं लावायला एवढा वेळ, की ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघांना पेंग यावी. कुणी मदतीला वाकलं की, "मी माझी लावते!"

"हात पुरला की तूच कंडक्टर," पॉलिशवाले तिला सांगत. म्हणून तर फळीवरच्या त्या रेघा. प्रत्येक सुटीत चपला काढून, टाचा फळीला टेकवून पिटू उभी राही आणि ते तिच्या डोक्यावर हात आडवा धरून रेघ मारत. बाईंना त्या पक्क्या आठवत होत्या. शेवटची त्यांच्या छातीशी यायची. काळपट लाकडावर त्या आता नीट दिसतही नव्हत्या, आणि रंगाचा पहिला हात देताना बाईंनी डोळे मुद्दाम ब्रशवरच ठेवले होते.

त्या संध्याकाळी तिसरा हात वाळत आला तेव्हा बाई सतरंजीवर बसून शेवटच्या पडद्याला कडी शिवत होत्या. उजेड कमी झाला म्हणून दारापाशी सरकल्या आणि सहज फळीकडे पाहिलं.

रेघा वर येत होत्या. सगळ्यात खालची, मग तिच्या वरची, मग आणखी वरची. छातीशी यायची ती शेवटचीही आली. बाईंनी सुई कापडात टोचून ठेवली. चला, एवढ्याच आहेत, उद्या चौथा हात देऊ, असं त्या मनाशी म्हणाल्या.

पण त्या रेघेच्या वर, जिथे त्यांनी आजवर नजर नेलीच नव्हती, अजून एक रेघ होती.

ती खांद्याशी होती. तिच्यावर हनुवटीशी एक. मग ओठांशी. ओल्या रंगातून शाई झिरपावी तशी एकेक वर येत होती, खालच्यांसारखीच, त्याच हाताची. बाई उठून उभ्या राहिल्या आणि रेघा त्यांच्या नाकाशी, कपाळाशी आल्या. सगळ्यात वरची त्यांच्या डोक्याच्याही वर होती. त्यांनी हात डोक्यावर ठेवून फळीला टेकवून पाहिला. रेघ हाताच्या वरच राहिली.

मेलेली पोर वाढत होती. इतकी वर्षं, या बंद बसमध्ये, एकटी, उन्हाळ्यामागून उन्हाळा ती वाढत गेली होती आणि आईच्या डोक्यावरून गेली होती. बाईंना भीती वाटली. भुताची नाही. आपण एकदाही आलो नाही, याची. त्या मागे सरकल्या, आधाराला म्हणून हात वर गेला आणि दोरीत अडकला.

टण्.

बाहेर बादली पडल्याचा आवाज झाला. पॉलिशवाले पळत आले. गुडघ्यांनी कधीच दगा दिलेला तो माणूस जोत्याच्या पायऱ्या एका झेपेत चढला आणि दारात उभा राहिला.

"पिटू?"

मग त्यांना बाई दिसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आत्ता जे काही उजळलं होतं ते बाईंच्या देखत विझलं.

"बादली सांडली," ते म्हणाले आणि पुन्हा पाणी आणायला गेले.

रात्री बाई गोधडीखाली तोंड फळीकडे करून निजल्या. झोप लागली असेल तर ती त्यांना कळली नाही.

सकाळी शिडी आली. दोन्ही हातांत फुलझाडांच्या कुंड्या, खांद्याला पिशवी, आणि उंच इतकी की दारातून आत येताना वाकावं लागलं. नावाला जागली होती पोरगी.

"काकू! किती वर्षांनी! बाबांनी कुंड्या दिल्यात, खिडक्यांत ठेवायला." तिने मान वळवून चारही बाजूंनी बस पाहिली. "अय्या, काय गोड केलंय! इथेच राहते मी, नोकरी गेली खड्ड्यात."

"कसली नोकरी गं?"

"लागली ना. लांब आहे. उद्या निघायचंय. आता काही मी उन्हाळ्यात सापडायची नाही." कुंड्या खाली ठेवून ती वळली. पॉलिशवाले दारात येऊन उभे होते. "म्हणून आज लवकर आले. काका, यंदाचं राहिलंच की."

आणि बोलता बोलता तिने पायांतल्या चपला काढल्या, दोन पावलं मागे गेली आणि टाचा फळीला टेकवून, हनुवटी आत घेऊन ताठ उभी राहिली. लहान मूल उभं राहतं तशी, डोळे मिटून.

डोक्यावर हात टेकला नाही, तेव्हा शिडीने एक डोळा उघडला.

"काय झालं? ओला आहे का रंग?"

बाईंनी शिडीच्या डोक्याकडे पाहिलं, मग तिच्या केसांमागून डोकावणाऱ्या सगळ्यात वरच्या रेघेकडे. रेघ तिच्या टाळूपासून जराशी खाली होती. बाई जवळ गेल्या आणि त्यांनी आपली बोटं तिथे आडवी धरून पाहिली. बरोबर दोन मावली.

"दर वर्षी उभी राहतेस?" त्यांनी विचारलं.

शिडीला आता काहीतरी कळलं. तिने काकांकडे पाहिलं, पण काका तळ्याकडे बघत होते.

"हो, काका म्हणायचे... म्हणजे मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." ती चपला शोधू लागली. "पिटू दोन बोटं कमी होती ना माझ्यापेक्षा. म्हणून माझी उंची घेऊन त्याच्या दोन बोटं खाली..." तिने बाईंचा हात धरला. "काकू, मी येते हं नंतर."

ती गेली. कुंड्या वाटेतच राहिल्या.

बाई कंडक्टरच्या बाकावर बसल्या. त्यावर त्यांनीच शिवलेली फुलाफुलांची उशी होती, ती त्यांनी मांडीवर घेतली.

"जांभळी पेन्सिल," त्या म्हणाल्या. "जिभेला लावून लिहायची ती. एका सुताराने कपाटावर त्या पेन्सिलने खूण केली, म्हणून तुम्ही त्याला दुकानातून हाकललं होतं. म्हणाला होतात, ही खूण लाकडात शिरली की वर शंभर हात द्या, वर येणारच. मध्ये लाखेचा हात दिला तरच आत दबते."

"हो."

"लाख आहे तुमच्या पेटीत?"

"आहे."

"मग मी तीन दिवस रंग फासत होते तेव्हा तोंडात काय धरलं होतंत?"

पॉलिशवाले पायरीवर बसले. त्यांची पाठ बाईंकडे होती.

"तू दिसेनाशा करशील म्हणून. आणि वाटत होतं, तुला दिसाव्यात."

बाईंना रडू आलं आणि रडूच्या आधी राग आला. इतक्या वर्षांत आला नव्हता असा राग.

"मला न सांगता तुम्ही तिला एकट्यानेच मोठी केलीत."

"तू नावही घेऊ देत नव्हतीस गं."

"नव्हते घेऊ देत. ओढत आणायचं होतं मला." बाईंनी उशीने डोळे पुसले. मग त्या उठल्या, फळीपाशी गेल्या आणि वरच्या रेघांवरून बोट फिरवू लागल्या. बराच वेळ फिरवत राहिल्या. "आणि हे काय हे? दर वर्षी दोनच बोटं कमी?"

"होतीच ना ती दोन बोटं कमी."

"आठव्या वर्षी होती! म्हणून काय जन्मभर राहील? माझ्या माहेरचे सगळे ताडमाड. माझी बहीण चौदाव्या वर्षी एकदम उंच झाली, एका वर्षात सगळे कपडे वाया गेले. पिटूने शिडीला कधीच मागे टाकलं असतं."

"माझ्या घरचे बुटके आहेत त्याचं काय?" पॉलिशवाले वळून म्हणाले. "माझी आत्या आठव. बाकावर बसली की पाय लोंबकळायचे."

"तुमची आत्या मध्ये आणू नका. पिटूचे पाय बघितले होते का कधी? केवढी पावलं होती. मोठ्या पावलांची पोरं उंच होतात."

"नाक माझं होतं म्हणून सगळं माझंच—"

"नाकाने उंची ठरत नाही!"

दोघं एकदम थांबले. आपण कशावरून भांडतोय ते दोघांना एकाच वेळी ऐकू आलं. बाई हसल्या की काय झालं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आवाज हसल्यासारखा होता.

"आणा ती पेन्सिल," त्या म्हणाल्या.

पेन्सिल पॉलिशवाल्यांच्या खिशातच होती. बाईंनी टोक जिभेला लावलं, तोंडात कडवट चव आली. चवड्यांवर उभ्या राहून त्यांनी सगळ्यात वरच्या रेघेच्या वर, शिडीच्याही वर, हात पुरेल तिथे एक रेघ ओढली. ती जराशी वाकडी आली. पॉलिशवाल्यांनी ती पाहिली आणि एवढी कशी म्हणून विचारलं नाही.

दुपारभर दोघांनी मिळून फळी खरवडली. सायीचा रंग भुगा होऊन सतरंजीवर पडला, खालून काळपट लाकूड आलं आणि लाकडात शिरलेल्या रेघा. मग पॉलिशवाल्यांनी कापडाचा बोळा लाखेत बुडवला आणि रेघांवरून हलक्या हाताने फिरवला. रेघा झाकायला नाही, पुसल्या जाऊ नयेत म्हणून. नव्या नवलाईच्या त्या बसमध्ये तेवढी एकच फळी उघडी राहिली. ती तशी वाईटही दिसत नव्हती.

"हात केव्हा पुरला असता तिचा?" बाईंनी विचारलं. "दोरीला?"

पॉलिशवाल्यांनी बोळा न टेकवता एक रेघ दाखवली. बाईंच्या हनुवटीशी येणारी.

"या वर्षी. शिडीचं माप घेऊन तिला घरी पाठवलं आणि मग मी वाजवली. पिटूच्या वतीने. तेव्हापासून दर वर्षी तीच कंडक्टर." त्यांनी बोळा पुन्हा लाखेत बुडवला. "दोनदा वाजवायचो. दूधवाली पळायची."

पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते. बाईंनी भुगा झाडला, कुंड्या खिडक्यांत मांडल्या, जगांत पाणी भरून रानफुलं ठेवली, गोधडीची घडी एकदा मोडून पुन्हा घातली. करण्यासारखं काही उरलं नाही तरी त्या आवरतच होत्या. मग त्यांनी हातातलं फडकं ठेवलं.

"बसा पुढे," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"ड्रायव्हर कुठे बसतो?"

पॉलिशवाले जाळीपलीकडच्या सीटवर जाऊन बसले. स्टिअरिंग तेवढं त्यांनी कधी काढलं नव्हतं. त्यावर दोन्ही हात ठेवून त्यांनी घसा खाकरला आणि अगदी हळू, लाजत, तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. घर्र घर्र. बराच वेळ बस चालली. बाई फळीला टेकून उभ्या होत्या. खिडकीबाहेर तळं तिथल्या तिथेच होतं, पण त्यांनी ते मागे जाऊ दिलं.

मग त्यांनी हात वर केला आणि दोरी ओढली. एकदाच.

टण्.

इंजिन बंद पडलं. पॉलिशवाल्यांची पाठ ताठ झाली. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः एक घंटी कधी दिली नव्हती. बाईंनी मागचं दार उघडलं आणि ते हाताने धरून त्या बाजूला सरकल्या, कुणाला उतरायचं असलं की सरकतात तशा. बाहेरचं ऊन पायरीपर्यंत आलं. दूध घेऊन येणारी दूधवाली वाटेतच थबकली.

मग ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशात दोन डोळे वर झाले आणि त्यांनी पायरीकडे पाहिलं.

"उतरली?" पॉलिशवाल्यांनी विचारलं.

बाईंचा एक हात दोरीवर होता आणि एक दारावर.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "बक्कल लावतेय."